कर्णबधिर मुलांना वाचायला शिकवायचंय? नुसतं कॅप्शनचं ॲप पुरत नाही

माझ्या मावसबहिणीची मुलगी सहा वर्षांची आहे, जन्मापासून कर्णबधिर. मागच्या दिवाळीत मी मोठ्या उत्साहाने ताईच्या फोनमध्ये गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब टाकून दिलं. आपण बोलायचं, स्क्रीनवर मराठीत अक्षरं उमटतात. मला वाटलं, प्रश्न मिटला! भाचीने दोन मिनिटं ती सरकणारी अक्षरं पाहिली आणि सरळ गेम उघडला.

चूक ॲपची नव्हती, माझी होती. २०१९ मध्ये आलेलं हे ॲप मुळात वाचता येणाऱ्यांसाठी आहे. ते घडवणारे दिमित्री कानेव्हस्की लहानपणापासून ऐकू शकत नाहीत, पण ते गणितज्ञ आहेत. वाचन त्यांना आधीच येत होतं.

तुम्ही ‘आंबा’ वाचायला शिकलात, तेव्हा तो शब्द शेकडो वेळा ऐकलेला होता. अक्षरं जुळवून आवाज काढला, की अर्थ आपोआप कळायचा. भाचीकडे तो आवाजच नाही. तिच्यासाठी अक्षरांना अर्थ जोडायचा तर मध्ये दुसरं काहीतरी हवं, आणि ते म्हणजे खूण. म्हणून आधी सांकेतिक भाषा, तीही घरातल्या सगळ्यांना. (श्रवणयंत्र असलं तरी खुणा शिकवाच, त्याने काही बिघडत नाही.)

दिल्लीच्या आयएसएलआरटीसी या सरकारी संस्थेचा भारतीय सांकेतिक भाषेचा १०,००० शब्दांचा व्हिडिओ शब्दकोश आहे. २०२२ पासून त्याचं ‘साइन लर्न’ नावाचं ॲपही आहे. त्यात शब्द हिंदी किंवा इंग्रजीतून शोधता येतो. मराठीचं काम आपण करायचं: ताई खुणेचा छोटा व्हिडिओ काढते, सोबत वस्तूचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात मराठी शब्द. सगळं एका अल्बममध्ये. खर्च शून्य.

खरी कसोटी वाक्याची. सांकेतिक भाषेचं व्याकरण वेगळं आहे, तिथे आपले ‘ला, ने, चा’ नाहीत. ते कानावर पडून येत नाहीत, डोळ्यांनीच शिकावे लागतात. त्यामुळे सुटे शब्द पाठ करून घेऊन भागत नाही, पूर्ण वाक्यं रोज समोर यावी लागतात.

गेल्या आठवड्यात भाचीने ताईला व्हॉट्सॲप केलं: ‘आई मी भूक’. ताईने चूक काढली नाही. खुणेचा व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, ‘तुला भूक लागली? मलाही भूक लागली. चल, जेवू.’