तुकडा एक, कल्पना अनेक

जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी मराठी घराला नवी नाही. अमेरिका आणि ब्रिटनमधील ‘क्विल्ट’ ही तिची दूरची नातलग म्हणावी लागेल. वर रंगीत तुकडे जोडून केलेला पृष्ठभाग, मध्ये कापसाचा थर, खाली अस्तर आणि तिन्ही थरांना एकत्र धरणारे टाके, अशी तिची रचना असते. ही कला जोपासणारी स्थानिक मंडळे तेथे गावोगावी आढळतात. त्यांना ‘गिल्ड’ म्हणतात. महिन्यातून एकदा ग्रंथालयाच्या किंवा चर्चच्या सभागृहात सदस्य जमतात, एकमेकींचे काम पाहतात आणि नवे काही शिकतात. अशा अनेक मंडळांत अधूनमधून एक ‘चॅलेंज’, म्हणजे कल्पकतेचे आव्हान, ठेवले जाते. ते चालविण्याची जबाबदारी एखादी सदस्या स्वेच्छेने, कोणत्याही मोबदल्याविना स्वीकारते. वरवर हलके वाटणारे हे काम प्रत्यक्षात मोठ्या जबाबदारीचे आहे.

आव्हान म्हणजे काय?

आव्हानाचा गाभा म्हणजे अट. सर्वांत रूढ प्रकारात प्रत्येकीला एकाच छापाच्या कापडाचा तुकडा दिला जातो. बहुधा तो ‘फॅट क्वार्टर’ असतो, म्हणजे सुमारे १८ बाय २२ इंचांचा. हे कापड तयार क्विल्टमध्ये ओळखू येईल इतके दिसलेच पाहिजे. बाकी सारे स्वातंत्र्य. कधी कापडाऐवजी विषय दिला जातो, कधी केवळ दोनच रंग वापरण्याचे बंधन असते, तर कधी एकीने सुरू केलेल्या कामाभोवती दुसरी, तिसरी, चौथी सदस्या एकेक चौकट जोडत जाते. या शेवटच्या प्रकाराला ‘राउंड रॉबिन’ असे नाव आहे.

अट कल्पनेला मारक ठरते, असा एक समज आहे. अनुभव मात्र उलट आहे. ‘काहीही करा’ म्हटले की नवशिकी गोंधळते आणि जाणती नेहमीच्या वाटेने जाते. हातात न आवडणाऱ्या रंगाचा तुकडा पडला, की मात्र दोघींनाही विचार करावाच लागतो.

चालविणारीचे काम

आव्हान चालविणारीला प्रथम अट निश्चित करावी लागते आणि ती एका पानात, दुसरा अर्थ निघणार नाही अशा भाषेत लिहावी लागते. कापड एकाच वेळी, पुरेसे आणि थोडे जास्तच विकत घ्यावे लागते. कारण तोच छाप पुढे बाजारात मिळेलच असे नाही. आकाराची कमाल मर्यादा लहान ठेवली, तर नोकरी करणाऱ्या किंवा नवशिक्या सदस्यांनाही काम पुरे करता येते. अंतिम तारखेआधी एखाद्या बैठकीत अर्धवट काम दाखविण्याची मुभा दिली, तर मागे पडलेल्यांना धीर येतो. त्यानंतर क्विल्टना क्रमांक देणे, त्या टांगणे, मतपत्रिका वाटणे, मोजणी करणे आणि प्रत्येक क्विल्ट तिच्या मालकिणीकडे सुखरूप पोहोचविणे, हा सारा भार तिच्यावरच असतो.

१९३३ चा धडा

अटी आणि निकाल यांची सांगड तुटली, तर काय होते, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतच घडले. मंदीच्या काळात, १९३३ मध्ये, शिकागो येथील जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सिअर्स या व्यापारी कंपनीने राष्ट्रीय क्विल्ट स्पर्धा घेतली. २४ हजारांहून अधिक क्विल्ट आल्या. पहिले बक्षीस १ हजार डॉलरचे होते. ‘प्रगतीचे शतक’ या प्रदर्शनाच्या विषयावर स्वतंत्र रचना करून कोणी पहिली आली, तर आणखी २०० डॉलर मिळणार होते. या आमिषाने अनेकींनी विमाने, इमारती, यंत्रे यांची चित्रे कापडात उतरविली. परीक्षकांनी मात्र पसंती दिली ती परंपरागत धाटणीच्या, नेटक्या टाक्यांच्या कामाला. विषयावर कष्ट घेतलेल्या स्त्रियांच्या पदरी निराशा आली.

पुढची गोष्ट अधिक खेदाची. क्विल्ट आपणच तयार केली आहे, असे स्पर्धकाने जाहीर करणे आवश्यक होते. बक्षीस मिळविणाऱ्या केंटकी राज्यातील मार्गारेट रॉजर्स केडन यांची क्विल्ट प्रत्यक्षात इतर स्त्रियांनी शिवली होती. त्यांना बक्षिसाचा वाटा मिळाला नाही. मंदीत हातचे काम जाईल, या भीतीने त्या गप्प राहिल्या. हे सत्य अनेक वर्षांनी अभ्यासकांनी उजेडात आणले.

विश्वास हीच पुंजी

लहान मंडळाच्या आव्हानात हजार डॉलर नसतात, पण विश्वास तेवढाच मोलाचा असतो. म्हणून जी अट घातली, तीच निकालाची कसोटी असली पाहिजे. कल्पकता मागितली असेल, तर केवळ टाक्यांची सफाई पाहून क्रमांक देणे अन्यायाचे ठरते. हवे तर दोन्हींसाठी वेगळे गौरव ठेवावेत. मतदान संपेपर्यंत नावे झाकून ठेवावीत. तुकडे एकीने जोडले आणि टाके दुसरीने मोठ्या यंत्रावर घातले असतील, तर दोघींची नावे लिहावीत. क्विल्ट रुग्णालयाला किंवा निराधारांना द्यायची असेल, तर ते आरंभीच सांगावे. पुरे झालेले काम ऐनवेळी मागणे योग्य नव्हे.

आव्हानाचे यश पहिल्या क्रमांकावरून ठरत नाही. आजवर मागच्या रांगेत बसणारी सदस्या पहिल्यांदा आपले काम घेऊन पुढे आली का, यावरून ते ठरते. आपल्याकडील महिला मंडळांच्या रांगोळी किंवा पाककला स्पर्धांनाही हाच न्याय लागू आहे. अट स्पष्ट हवी, कसोटी अटीशी जुळणारी हवी आणि श्रम ज्याचे, नावही त्याचेच हवे. एवढे सांभाळले, तर हरलेली स्त्रीही पुढच्या वर्षी तुकडा मागायला आपणहून येते.