पुठ्ठ्याचे भोक आणि संगणकाची आज्ञा

सोलापुरी चादर सर्वांच्या ओळखीची. पण तिच्यावरची नक्षी मागाला ‘कळते’ कशी, हे मुलांना क्वचितच सांगितले जाते. ते सांगता सांगता संकेतस्थळे तयार करणाऱ्याचे रोजचे कामही समजावता येते.

मागावर ताण्याचे धागे उभे असतात. बाण्याचा आडवा धागा उचललेल्या ताण्यांखालून व उरलेल्यांवरून जातो. म्हणजे प्रत्येक ओळीला कोणते ताणे उचलायचे एवढे ठरले, की नक्षी ठरली. फ्रान्समधील लिआँच्या जॅकार्डने १८०४ च्या सुमारास हे काम पुठ्ठ्याच्या कार्डांवर सोपवले. कार्डावर सुया टेकतात. भोक असले तर सुई आत शिरते, तिचा आकडा जागेवर राहतो आणि धागा उचलला जातो. भोक नसले तर सुई मागे रेटली जाते, आकडा निसटतो, धागा खालीच राहतो. एका बाण्याला एक कार्ड, आणि अशा कार्डांची लांबच लांब माळ.

भोक आहे किंवा नाही. संगणकाचे १ आणि ० यांची जात हीच. बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी अशीच कार्डे योजली होती. आठ धाग्यांची एक ओळ २५६ तऱ्हांनी मांडता येते, हे मुलांनी स्वतः काढून पाहावे.

कार्डे पाडणारा आणि आज्ञावली लिहिणारा, दोघेही चित्राचे बारीक ‘हो-नाही’त तुकडे करतात. यंत्र सांगितले तेच करते; मनात काय होते ते त्याला कळत नाही. एक भोक चुकले तर नक्षीच्या प्रत्येक आवृत्तीत तोच डाग उमटतो. म्हणूनच संगणकावरच्या माणसाचा बराच दिवस नवे लिहिण्यात नव्हे, तर चूक शोधण्यात जातो. (पालकांना हे काम सारखे टंकलेखन करण्याचे वाटते!)

फरक आहे तो वेळेचा. यंत्रमागावरचा कामगार पाळी संपली की घरी जातो. संकेतस्थळ मात्र रात्रीही उघडे असते. सोलापुरात झालेली चूक त्याच क्षणी लंडनमध्ये दिसते, आणि दुरुस्तीसाठी मध्यरात्रीही फोन येऊ शकतो. ‘संगणकात जाऊ का?’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला पगाराबरोबर हेही सांगावे.

वर्गात करून पाहण्याजोगे: चौकटीच्या वहीत ८×८ चौकोनांत एक फूल काढा आणि त्याच्या ओळी १-० मध्ये लिहा. एक आकडा मुद्दाम बदलून नुसते आकडे शेजाऱ्याला द्या. त्याने फूल पुन्हा काढून चूक शोधावी. चूक करायला लागलेला वेळ व शोधायला लागलेला वेळ फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावा.