नॅस बंद पडला म्हणजे डेटा गेला?

घरातल्या सगळ्यांचे फोटो, कागदपत्रे एकत्र ठेवणारी, राउटरला जोडलेली पेटी म्हणजे नॅस (नेटवर्कवरून वापरायचे साठवणयंत्र). ती सुरू होईना, की अनेक जण डिस्क काढून विंडोजच्या संगणकाला जोडतात. विंडोज विचारते, ‘फॉरमॅट करायची का?’ आणि डिस्क कोरी झाल्याची समजूत होते. मोडी न येणाऱ्याने जुना दस्त रेघोट्या समजून रद्दीत घालावा, तसेच हे. घरगुती नॅस बहुधा लिनक्सवर चालतात. त्यांची एक्स्ट४सारखी फाइल सिस्टिम (फाइली मांडण्याची पद्धत) विंडोजला स्वतःहून वाचता येत नाही, एवढेच. फॉरमॅटला नकार द्यावा.

कित्येकदा बिघडलेला असतो नुसता अ‍ॅडॉप्टर. तो आधी तपासावा. तो ठीक असेल तर डिस्कवर क्रमांक घालून त्या लिनक्सच्या संगणकावर केवळ वाचनापुरत्या उघडाव्यात. किती डिस्क लागतील, हे रेडवर (अनेक डिस्क एकत्र चालवण्याची पद्धत) अवलंबून. रेड १ (दोन डिस्कवर तोच मजकूर) असेल तर एक धड डिस्क पुरते. रेड ५ मध्ये एक सोडून बाकी सगळ्या लागतात. डिस्क टकटक वाजत असेल तर मात्र घरी प्रयोग नकोत. वीज ताबडतोब बंद करून ती जाणकाराकडे न्यावी.

रेड म्हणजे बॅकअप, हीही अशीच एक समजूत. चुकून पुसलेली फाइल सगळ्या डिस्कवरून एकदमच जाते.