भारवांटणीची परीक्षा

शालान्त परीक्षेच्या निकालाच्या दिवशीं एकाच घटकेस असंख्य विद्यार्थी संगणकाच्या दाराशीं येऊन उभे राहतात. एकट्या यंत्रानें इतक्या मंडळींस उत्तर देणें शक्य नसतें. म्हणून आंत अनेक यंत्रें ठेवून पुढें एक द्वारपाळ नेमतात. त्यास प्रॉक्सी सर्व्हर म्हणतात. आलेली विनंती आंतल्या कोणत्या यंत्राकडे धाडावयाची, हें तो ठरवितो. या कामास आपण भारवांटणी म्हणूं. ती यथायोग्य चालते कीं नाहीं, याची परीक्षा यंत्राकडूनच कशी करवितात, तें आज पाहूं.

उदाहरणासाठीं एंजिन-एक्स हा द्वारपाळ घेऊं. इगोर सिसोएव्ह या रशियन गृहस्थांनीं तो २००४ सालीं सर्वांस खुला केला. त्याची साधी रीत पाळीपाळीची. मात्र बलवान यंत्रास अधिक वांटा नेमून देतां येतो. समजा, क, ख, ग या यंत्रांचे वांटे ५, १, १ आहेत. पूर्वीं ग, ख आणि मग सलग पांच वेळां क, असा क्रम येई. त्यामुळें क वर एकदम भडिमार होई. २०१२ सालीं ही रीत सुधारली. आतां प्रत्येक फेरीस ज्याचा त्याचा वांटा ज्याच्या त्याच्या खात्यांत जमा होतो. ज्याची शिल्लक सर्वांत मोठी, त्यास काम मिळतें. आणि त्याच्या खात्यांतून सर्व वांट्यांची बेरीज, म्हणजे ७, वजा होते. क्रम निघतो तो असा: क, क, ख, क, ग, क, क. कागद-पेन्सिल घेऊन ताळा पाहावा. सातव्या फेरीअखेर तिन्ही खात्यांत शून्य उरतें.

आतां परीक्षेकडे वळूं. परीक्षक-कार्यक्रम प्रथम एकाच संगणकावर तीन लुटुपुटीचीं यंत्रें उभीं करतो. त्यांस एवढेंच शिकविलेलें असतें, कीं कोणीं कांहीं विचारलें तर केवळ आपलें नांव सांगावें. मग तो द्वारपाळाकडे सात विनंत्या धाडतो व उत्तरें मोजतो. पांच, एक, एक असा हिशेब जमला म्हणजे काम झालें काय? नाहीं. जुन्या रीतीचाही हिशेब तोच येतो! दोहोंतील भेद क्रमांत आहे. म्हणून क्रमही तपासला पाहिजे. प्रश्न चुकीचा निवडला तर अडाणी विद्यार्थीही उत्तीर्ण होतो, तसेंच हें आहे.

खरी कसोटी संकटकाळीं लागते. म्हणून परीक्षक मुद्दाम एका यंत्राचा संबंध तोडतो. तेव्हां विनंती दुसऱ्या यंत्राकडे गेली पाहिजे आणि आजारी यंत्रास कांहीं काळ विश्रांति मिळाली पाहिजे. वेगळें सांगितलें नसेल, तर एका अपयशानंतर १० सेकंद त्याच्याकडे काम जात नाहीं. पुढें तें बरें झाल्यावर त्यास पुन्हां काम मिळतें कीं नाहीं, हेंही पाहावें लागतें.

याहून नाजूक गोष्ट पैशांची. परीक्षा-शुल्काची रक्कम यंत्राकडे गेली, परंतु पोंच येण्यापूर्वींच तें बंद पडलें, असें समजा. तीच विनंती दुसऱ्याकडे धाडली तर गरिबाचें शुल्क दोनदां कापलें जाण्याचा संभव. म्हणून २०१६ पासून अशी विनंती एकदां यंत्राकडे गेल्यावर एंजिन-एक्स ती आपण होऊन दुसऱ्याकडे पाठवीत नाहीं. मालकानें तशी स्पष्ट आज्ञा दिली तरच पाठवितो. येथें परीक्षकानें लुटुपुटीच्या यंत्रास विनंती घेऊन गप्प बसावयास शिकवावें, आणि ती दुसऱ्या यंत्राकडे पोंचली नाहीं याची खात्री करून घ्यावी.

हीं सर्व कामें माणसानें हातांनीं केलीं तर कंटाळ्यानें मोजणी चुकेल. यंत्र कंटाळत नाहीं; रचनेंत लहानसा फेरफार झाला तरी तें सारी परीक्षा पुन्हां पहिल्यापासून घेतें. परंतु प्रश्नपत्रिका माणसाचीच असते. जें संकट आपणांस सुचलें नाहीं, त्याचा प्रश्न यंत्र विचारणार नाहीं. द्वारपाळ किती भरंवशाचा, हें अखेर परीक्षकाच्या दूरदृष्टीवर अवलंबून आहे.