सहा देश आणि एक नाणे

अरबी समुद्राच्या पलीकडे, इराणच्या समोरच्या बाजूला सहा अरब देश आहेत. सौदी अरबस्तान, कुवेत, बहारीन, कतार, संयुक्त अरब अमिराती आणि ओमान ही त्यांची नावे. दुबई आहे ती अमिरातीत, आणि मस्कत ओमानात. आपल्या कोकणातली पुष्कळ माणसे तिकडे कामाला आहेत. तेव्हा यांतली दोनचार नावे तरी तुमच्या कानावर असतीलच.

या सहाही देशांत अरबी भाषा चालते. रीतिरिवाज बरेचसे सारखे. जमिनीखालच्या तेलावर आणि वायूवर सगळ्यांचा संसार. पण नाणी मात्र सहा! कुवेतात दिनार, बहारीनमध्येही दिनार, पण तो निराळा. अमिरातीत दिरहम. बाकी तिघांकडे रियाल, आणि तिन्ही रियालांची किंमत वेगवेगळी.

सौदी अरबस्तान सोडला, तर बाकीच्या किनाऱ्यावर एके काळी एकच नाणे चालत असे. कोणते असेल? आपला रुपया! तिकडचे मोती मुंबईच्या बाजारात येत आणि इकडून तांदूळ नि कापड गलबतांतून तिकडे जाई. त्या व्यापाराबरोबर रुपयाही तिकडे रुळला.

पुढे त्यात एक भानगड झाली. काही लोक इथले रुपये चोरून तिकडे नेत, त्यांचे सोने घेत आणि ते सोने चोरून इकडे आणत. ते रुपये तिकडच्या बँकांतून परत आपल्याकडे आले, की त्यांच्या बदल्यात भारताला विलायती पौंड मोजावे लागत. म्हणजे सोने चोरांनी आणायचे आणि पौंड सरकारने द्यायचे! म्हणून १९५९ साली आपल्या रिझर्व्ह बँकेने फक्त आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. त्या भारतात चालत नसत.

६ जून १९६६ रोजी भारत सरकारने रुपयाची किंमत उतरवली. आधी एका डॉलरला ४ रुपये ७६ पैसे पडत. आता साडेसात पडू लागले. आखातातल्या नोटांचीही तीच गत. समजा, कतारमधल्या एखाद्या दुकानदाराच्या पेटीत १०० रुपये आहेत. आदल्या दिवशी त्यांचे २१ डॉलर येत होते, दुसऱ्या दिवशी १३ च येऊ लागले. त्याने काही उधळले नव्हते. त्याच्या राज्यकर्त्यालाही कोणी विचारले नव्हते. नाणे दुसऱ्याचे, तेव्हा निर्णयही दुसऱ्याचा. कुवेत १९६१ सालीच आणि बहारीन १९६५ साली रुपयातून बाहेर पडले होते. १९६६ साली कतार आणि दुबई यांनीही आपला रियाल काढला. ओमानने १९७० पर्यंत दम धरला. मग तिथलाही रुपया गेला.

आता पुढची गोष्ट. १९८१ साली या सहा देशांनी आखाती सहकार्य परिषद नावाचा संघ केला. २००१ साली मस्कतच्या बैठकीत त्यांनी ठरवले, की २०१० पर्यंत सगळ्यांचे एकच नाणे करायचे. लोकांनी त्याला ‘खलीजी’ म्हणजे ‘आखाती’ असे नावही देऊन टाकले. परिषदेने मात्र ते पक्के केले नव्हते. त्याच सुमारास युरोपातल्या बारा देशांनी आपापली नाणी सोडून युरो घेतला होता. तो नमुना डोळ्यांसमोर होता.

एका नाण्याचा फायदा उघड आहे. सरहद्द ओलांडली, की पैसे बदलून घ्यायची कटकट नाही आणि बदलणाऱ्याची दलाली नाही. पण त्यासाठी काय सोडावे लागते? एकत्र कुटुंबात पैशाची पेटी एकच असली, की किल्ली एकाकडेच राहते. मग एका भावाने मनाला येईल तसा खर्च करून चालत नाही, कारण त्याचा बोजा सगळ्यांवर पडतो. देशांचेही तसेच. नोटा किती छापायच्या, व्याज किती ठेवायचे, हे मग प्रत्येकाला आपापले ठरवता येत नाही. म्हणून अटी घातल्या, की सरकारची तूट इतकीच हवी, कर्ज इतकेच हवे.

ओमानला तेल कमी आणि बांधकामे काढलेली फार. २००६ साली त्याने सांगून टाकले, की या मुदतीत आमच्याने होणार नाही. २००७ साली कुवेतने दुसरीच वाट धरली. सगळ्यांनी आपले नाणे अमेरिकेच्या डॉलरला बांधून ठेवायचे, असे ठरले होते. पण डॉलर उतरू लागला, तसा बाहेरून येणारा माल कुवेतला महाग पडू लागला. म्हणून त्याने ती गाठ सोडली.

मोठी अडचण आली ती २००९ साली. मध्यवर्ती बँक कुठे ठेवायची? सौदी अरबस्तान सगळ्यांत मोठा, म्हणून त्याची राजधानी रियाध ठरली. अमिरातीचे म्हणणे, परिषदेची कचेरी आधीच रियाधला आहे, निदान बँक तरी आमच्याकडे द्या. कोणी ऐकले नाही. अमिराती बाहेर पडली. काही लोक याला नुसता मानपान म्हणतात. मला तसे वाटत नाही. जिथे किल्ली, तिथे वजन, हे या लोकांनी १९६६ साली चांगलेच पाहिले होते.

उरलेल्या चौघांनी त्याच वर्षी करारावर सह्या केल्या. २०१० साली रियाधला एक मंडळही बसले. पण नोट काही छापली गेली नाही. त्याच सुमारास युरोपात ग्रीस देश कर्जात बुडाला आणि युरोवाल्या इतरांना त्याला हात द्यावा लागला. ते पाहून इथली घाई आणखी कमी झाली. २०१७ साली तर सौदी, अमिराती आणि बहारीन यांनी कतारशी येणेजाणेच तोडले. ते भांडण मिटायला २०२१ साल उजाडले.

आणि खरे सांगायचे, तर रोजच्या व्यवहाराचे फारसे अडतही नाही. कुवेत सोडून पाचही नाणी अजून डॉलरलाच बांधलेली आहेत. सौदीचा रियाल तर १९८६ पासून डॉलरला पावणेचार या भावावर आहे. त्यामुळे त्यांचे आपसातले भावही जवळजवळ ठरलेले असतात. समुद्रावरच्या लांब पुलावरून सौदी माणूस बहारीनला जातो, तेव्हा तिथला दुकानदार त्याचे दहा रियाल घेतो आणि एक दिनार धरतो. हिशेब तोंडी होतो.

अशा रीतीने सहा नाणी आजही चालू आहेत. दुबईला काम करणाऱ्याचा पगार दिरहमात होतो, मस्कतला ओमानी रियालात, कुवेतला दिनारात. गावी पैसे पाठवायचे, तर प्रत्येकाला आपापल्या नाण्याचा भाव त्या दिवशी विचारावा लागतो.