बियाण्याची बातमी आणि पारावरचा हशा

चोपड्यासारख्या कापूस-केळीच्या तालुक्यात नव्या बियाण्याच्या बातमीवर पारावर उठणारा मिस्कील हशा शास्त्रीयदृष्ट्या मोलाचा आहे. 2002 मध्ये भारतात मान्यता मिळालेला बीटी कापूस, म्हणजे मातीतील जिवाणूचे जनुक घालून बोंडअळीला मारक प्रथिन बनवणारे वाण, मावा-तुडतुड्यांसारख्या रसशोषक किडींवर मुळीच चालत नव्हता. 2006 मध्ये दोन जनुकांचे वाण आले, पण पुढे गुलाबी बोंडअळी त्यालाही दाद देईनाशी झाली आणि 2017 च्या हंगामात महाराष्ट्रात बोंडे पोखरली. म्हणूनच कोणती अळी आणि किती वर्षे, असे हसत विचारणारा शेतकरी कीटकशास्त्राचाच अचूक प्रश्न विचारतो, कारण कीड पिढीगणिक प्रतिकारक्षम होते आणि तो वेग मंदावावा यासाठीच बीटीसोबत नॉन-बीटी कापूस, अर्थात रेफ्युजी, लावायचा असतो.