पर्सेला सहा तास

क्रूझ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? स्विमिंग पूल, बुफे आणि रात्रीचा डीजे. त्यामुळे जहाज एखाद्या लहानशा गावासमोर थांबलं की निम्मी मंडळी डेकवरूनच दोन फोटो काढतात आणि परत नाश्त्याच्या रांगेत जाऊन उभी राहतात. आईबाबांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या ट्रिपला शेपटासारखं जाण्याची वेळ तुमच्यावर आली आणि समोरचं गाव पर्से असलं, तर प्लीज, ती रांग सोडा.

पर्से आहे कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात, गास्पे द्वीपकल्पाच्या टोकाला. वस्ती जेमतेम तीन हजारांची. मोठं जहाज आलं की गाव आणि पाहुणे जवळपास सारखेच! जहाज इथे धक्क्याला लागत नाही, समुद्रातच नांगर टाकतं आणि त्याच्याच लाइफबोटी तुम्हाला काठावर सोडतात. या फेऱ्यांना टेंडर म्हणतात. त्यासाठी नंबर घ्यावा लागतो आणि जहाजाच्या महागड्या टूर घेतलेल्यांना आधी सोडतात. आमचा पाऊण तास यातच गेला. शिवाय वारा सुटला तर टेंडर रद्द, मग गाव फक्त लांबूनच बघायचं. भारतीय पासपोर्टवर इथे उतरायला कॅनडाचा व्हिसाही लागतो. हे घरीच बघून ठेवा, जहाजावर चढल्यावर नाही.

उतरलात की समोर तो खडक. रोशे पर्से, म्हणजे भोक पडलेला खडक. लांबी 433 मीटर, उंची 88 मीटर, म्हणजे साधारण पंचवीस मजली इमारत आडवी वाढत गेली तर जशी दिसेल तसा. टोकाला एक भलीमोठी कमान आहे. पूर्वी आणखी एक होती, ती 17 जून 1845 ला कोसळली आणि तिचा बाहेरचा खांब तेवढा पाण्यात एकटा उभा राहिला. ओहोटीला वाळूची वाट उघडी पडते आणि चालत जायचा मोह होतो. नका जाऊ. वरून दगड सुटत असतात, आणि तुमच्या रीलपेक्षा ते जड असतात.

आता खरा प्रश्न. हातात सहा तास. गावात फिरायचं, की बोटीने बोनाव्हेंचर बेटावर जायचं? दोन्ही नीट होत नाही. माझं ऐकाल तर बेट. बोट आधी खडकाला आणि बेटाच्या कड्यांना वळसा घालते, मग बेटावर सोडते. तिथून जंगलातून पाऊण तास चाल. आधी वास येतो, मग कलकलाट, आणि एकदम झाडं संपतात. समोर गॅनेट. पांढरे, पिवळसर डोक्याचे, पंख पसरले तर जवळजवळ दोन मीटर. या बेटावर त्यांची संख्या लाखाच्या वर भरते. एकमेकांच्या चोचीला चोच लागणार नाही एवढंच अंतर ठेवून घरटी, आणि त्या अंतरावरूनही भांडणं चालूच. (विरार लोकलचा डबा आठवला, खोटं कशाला बोलू.)

जोडी वर्षाला एकच अंडं घालते. क्रूझचा सीझन मुख्यतः सप्टेंबर-ऑक्टोबरचा, म्हणजे नेमकी पिल्लं निघायची वेळ. काळपट रंगाचं ते पिल्लू कड्यावरून स्वतःला झोकून देतं. अंगात चरबी इतकी की पाण्यावर उतरल्यावर त्याला लगेच परत उडता येत नाही. आईबाप मागे येत नाहीत. पोहत, मग उडत, त्याचं ते दक्षिणेला जातं. पहिल्यांदा घर सोडून हॉस्टेलला गेलेल्यांनी हे बघावंच. 2022 मध्ये बर्ड फ्लूने या वसाहतीलाही गाठलं, खूप पक्षी मेले. आपण बघतो ती गर्दी त्या सालातून वाचलेली आहे.

परतताना घाईत एक गोष्ट सुटते, ती सोडू नका. वाटेवर जुनी लाकडी घरं दिसतात. इथे माणसं राहायची, मासेमारी आणि शेती करायची. 1971 मध्ये क्वेबेक सरकारने पार्कसाठी बेट ताब्यात घेतलं आणि त्यांना जावं लागलं. जवळच्या फोरियों पार्कसाठीही 1970 मध्ये अशीच गावं उठवली. त्या कुटुंबांची क्वेबेकच्या विधिमंडळाने 2011 मध्ये माफी मागितली, तोवर चाळीस वर्षं गेली होती. पक्ष्यांना जागा मिळाली हे चांगलंच झालं. पण त्या रिकाम्या खिडक्यांसमोर सेल्फी काढायला माझा हात उचलला नाही.

पोटापाण्याचा प्रश्न या किनाऱ्याला जुना आहे. अठराव्या शतकापासून जर्सी बेटावरून आलेल्या व्यापाऱ्यांनी इथल्या कोळ्यांकडून कॉड मासा घेतला, पण पैसे रोख दिले नाहीत. कंपनीच्याच दुकानातला माल उधारीवर, आणि ती उधारी कधी फिटायची नाही. पुढे इतका कॉड उपसला गेला की 1993 मध्ये या आखातात त्याची मासेमारीच थांबवावी लागली. आता पर्यटक आहेत, म्हणजे तुम्ही-आम्ही. पण समुद्र तोच. 30 डिसेंबर 2016 च्या वादळात गावचा समुद्रकाठचा फिरायचा रस्ता उखडला गेला. पूर्वी हिवाळ्यात किनाऱ्याला बर्फ धरायचा आणि लाटा अडायच्या. तो आता कमी धरतो. मग गावाने पुन्हा भिंत बांधण्याऐवजी गोटे टाकून किनाराच रुंद केला. आज तुम्ही ज्या गोट्यांवरून धडपडत चालता, ते तेच.

शेवटच्या तासात लॉब्स्टर भरलेला पाव खा, त्याला इथे गेदीय म्हणतात. दुकानात 'बोंजूर' म्हणा, चेहरे लगेच खुलतात. स्टॉपच्या पाट्यांवर इथे 'आरे' लिहिलेलं असतं. गंमत म्हणजे खुद्द फ्रान्समध्ये 'स्टॉप' चालतं, क्वेबेकमध्ये मात्र बहुतेक पाट्यांवर 'आरे'च!

शेवटची टेंडर चुकवू नका. जहाज थांबत नाही.

रात्री आमच्या टेबलावर वाढायला मालवणचा एक दादा होता. पर्सेसमोर जहाज थांबायची त्याची ही चौथी खेप, पण दर वेळी दुपारची ड्युटी, त्यामुळे खाली पाय ठेवलेला नाही. त्याला गॅनेटचा व्हिडिओ दाखवला. "वास कसा होता?" त्याने विचारलं. म्हटलं, सुक्या मासळीच्या बाजाराच्या दसपट. तो हसला, पाण्याचा जग ठेवला आणि म्हणाला, "पाठव मला. आवशीक दाखवतंय."